फिरती तबकडी : वाट चुकलेलं एक उड्डाण आणि मनगटी घड्याळाची नवी घडण

घटना

१३ फेब्रुवारी १९२८ ची रात्र. अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग क्युबातल्या हवानाहून अमेरिकेतल्या सेंट लुईसला एकटाच निघाला होता. विमान तेच, ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’. याच विमानातून नऊ महिन्यांपूर्वी त्याने न्यूयॉर्क ते पॅरिस हा साडेतेहेतीस तासांचा प्रवास एका दमात केला होता. या वेळी फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीवर, ऐन अंधारात त्याची दोन्ही होकायंत्रं बिघडली. एकाचा काटा झुलत राहिला, दुसऱ्याची चकती गरगरत राहिली. हवा इतकी धुरकट होती की एक तारा ओळखता येईना. उजाडल्यावर खाली बेटं दिसली, ती बहामाची. ठरलेल्या मार्गापासून तो जवळपास ३०० मैल, म्हणजे पावणेपाचशे किलोमीटर भरकटला होता.

पृष्ठभूमीला आणखी एक प्रसंग होता. दोनच महिने आधी वॉशिंग्टनहून मेक्सिको सिटीला जाताना तो असाच हरवला होता. तेव्हा विमान खाली आणून, उडता उडता गावाच्या पाट्या वाचत त्याने आपण टोलुकाजवळ आहोत हे शोधून काढलं. समुद्रावर पाट्या नसतात. जगातला सगळ्यात नावाजलेला वैमानिक आपण नेमके कुठे आहोत हे सांगू शकत नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली असली पाहिजे, कारण त्याच वर्षी तो शिकवणी लावून आकाशावरून स्थान काढायला बसला.

त्या शिकवणीतून पुढच्या तीन वर्षांत मनगटी घड्याळाचं रूप कसं बदललं, कोणत्या वळणावर कोणता निर्णय झाला आणि त्यातले कोणते टिकले, हे या प्रकरणात मांडलं आहे.

पार्श्वभूमी

विमान आणि मनगटी घड्याळ यांची गोष्ट बहुधा सांतोस-ड्युमाँपासून सांगितली जाते. ब्राझीलचा हा हौशी उड्डाणवीर पॅरिसमध्ये हवाई जहाजं बनवून उडवत असे. १९ ऑक्टोबर १९०१ रोजी पॅरिसजवळच्या सँ-क्लूहून निघून आयफेल टॉवरला वळसा घालून परत यायचं, तेही ३० मिनिटांत, अशी पैज त्याने जिंकली. वेळेच्या मोजणीवरून तिथे वाद झाला, कारण पैज मिनिटांची होती आणि शेवटचं मिनिट जहाज खाली ओढायचा दोर पकडण्यात गेलं होतं. दोन्ही हात यंत्राच्या दांड्यांवर असताना खिशातलं घड्याळ काढणं अशक्यच. त्याचा मित्र लुई कार्तिये याने १९०४ मध्ये त्याच्यासाठी मनगटावर बांधायचं घड्याळ बनवलं. १९११ पासून ते दुकानात विकायला आलं. तोवर मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांनी तो समज पुसून टाकला.

इथवरची गोष्ट खरी आहे, पण ती घड्याळाच्या जागेची गोष्ट आहे. घड्याळ खिशातून मनगटावर आलं, एवढंच. त्याची तबकडी होती तशीच राहिली आणि कामही तेच राहिलं : किती वाजले ते सांगायचं. माझ्या मते उड्डाणाने घड्याळाला दिलेली खरी देणगी नंतरची आहे. वैमानिकाला ‘किती वाजले’ यापेक्षा ‘मी कुठे आहे’ याचं उत्तर हवं होतं, आणि घड्याळाचा चेहरा त्या प्रश्नासाठी बदलावा लागला.

वेळेवरून जागा कशी कळते, ते आधी पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटं. हे आपल्याला रोज अनुभवता येतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे, मुंबई साधारण ७२.८ अंशांवर. फरक ९.७ अंशांचा, म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा एकोणचाळीसला. सरासरी म्हणायचं कारण असं की सूर्यही घड्याळाच्या शिस्तीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईची माध्यान्ह बारा बावीसच्या आसपास होते, तर फेब्रुवारीच्या मध्यात बारा त्रेपन्नला. या मागेपुढे होण्याला खगोलशास्त्रात कालसमीकरण म्हणतात.

हेच गणित उलटं केलं की रेखांश निघतो. ग्रिनिचची वेळ अचूक माहीत असेल आणि सूर्याची किंवा ताऱ्याची उंची मोजता आली, तर आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे काढता येतं. जहाजांवर हे काम दीडशे वर्षं चाललं होतं. पेटीत झुलत्या कड्यांवर बसवलेला क्रोनोमीटर, म्हणजे अतिशय अचूक घड्याळ, स्वच्छ क्षितिज, क्षितिजापासून ताऱ्याची उंची मोजणारा सेक्स्टंट, कोष्टकांची जाडजूड पुस्तकं आणि हिशोबाला बसायला टेबल.

अडचण

यातलं जवळपास काहीच विमानात नव्हतं.

क्षितिज उंचावरून नीट दिसत नाही, ही पहिली गोष्ट. त्यावर उपाय मात्र निघाला होता : पाण्याच्या पातळीतल्या बुडबुड्याचा आधार घेऊन कृत्रिम क्षितिज तयार करणारे सेक्स्टंट. १९२२ मध्ये पोर्तुगालच्या गागो कौटिन्यो आणि साकादुरा काब्राल या जोडीने कृत्रिम क्षितिजाच्या सेक्स्टंटवर भिस्त ठेवून दक्षिण अटलांटिक ओलांडताना सेंट पीटर आणि सेंट पॉल हे भर समुद्रातले चिमुकले खडक अचूक गाठले होते. म्हणजे आकाश पाहून विमान चालवता येतं, हे सिद्ध झालं होतं. पण तिथे माणसं दोन होती, एक चालवायला आणि एक मोजायला.

दुसरी अडचण वेगाची. ताशी १७० किलोमीटरने जाणारं विमान एका मिनिटात २.८ किलोमीटर सरकतं. जहाजावरच्या पद्धतीने हिशोबाला पंधरा मिनिटं लागली, तर उत्तर हाती येईपर्यंत विमान ४० किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

तिसरी अडचण घड्याळाची, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एका कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक, विषुववृत्तावर एक सागरी मैल, १,८५२ मीटर. अर्ध्या मिनिटाची चूक म्हणजे जवळपास १४ किलोमीटर. त्या काळचं चांगलं मनगटी घड्याळही दिवसाला काही सेकंद मागेपुढे होई. रेडिओवरून वेळेचे इशारे मिळत होते : आयफेल टॉवरवरून १९१० पासून, अमेरिकेत आर्लिंग्टनहून १९१३ पासून. त्यामुळे घड्याळ किती चुकलंय हे कळत होतं, दुरुस्त मात्र करता येत नव्हतं. चावी ओढून फिरवली की तास-मिनिटांचे काटे हलत. सेकंदकाटा आपल्या चालीने चालत राही. त्याला इशाऱ्याशी मिळवून घ्यायची सोयच नेहमीच्या घड्याळात नव्हती.

मग चुकीचा आकडा कागदावर लिहून ठेवायचा आणि प्रत्येक निरीक्षणाच्या वेळी तो मिळवायचा किंवा वजा करायचा. टेबलाशी बसलेल्या माणसाला हे काहीच नाही. रात्रभर जागलेल्या, थंडीने बोटं बधिर झालेल्या, इंजिनाच्या घरघरीत एका हाताने विमान सरळ धरणाऱ्या माणसाला अधिक आणि वजा यांतली गफलत सहज होते. आणि इथे गफलत दुप्पट होऊन बसते, कारण वजा करायचं ते मिळवलं की मूळ चुकीच्या दुप्पट चूक हाती येते.

समोरचे पर्याय

लिंडबर्गला पहिला पर्याय होता तो आकाश सोडून देण्याचा. १९२७ च्या अटलांटिक उड्डाणात त्याने तेच केलं होतं : ना रेडिओ, ना सेक्स्टंट. दिशा, वेग आणि गेलेला वेळ यांच्या हिशोबावर तो आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला. त्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. विमानात १,७०० लिटर पेट्रोल होतं, एकेक किलो वजन मोजून घेतलं होतं आणि चालकाच्या हातून सुटलं की कलणारं ते विमान सांभाळत सेक्स्टंट डोळ्याला लावणं एकट्याला जमणारं नव्हतं. पण ही पद्धत होकायंत्रावर उभी असते. हवानाच्या रात्री होकायंत्रच गेलं.

दुसरा पर्याय रेडिओने दिशा शोधण्याचा. पुढे जाऊन जिंकला तो हाच. पण १९२८ मध्ये संच जड होते आणि महासागरावर दूरपर्यंत भरवशाचे संकेत मिळत नव्हते.

तिसरा पर्याय अधिक चांगली आणि अधिक संख्येने घड्याळं नेण्याचा. याने चूक लहान होते, जात नाही. अधिक-उण्याचा हिशोब तसाच राहतो.

चौथा पर्याय सेकंदकाटा थांबवण्याचा : काटा साठावर आला की यंत्र रोखायचं, इशारा ऐकताच सोडून द्यायचं. थांबवता येणारी घड्याळं आधीपासून होती. यातला धोका उघड आहे. घड्याळ थांबवलं आणि खरखराटात इशारा ऐकू आला नाही, तर हातातली आहे ती वेळही गेली. समुद्रावर एकटा असलेला माणूस चालू घड्याळ थांबवायला कचरणारच.

पाचवा पर्याय फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स या अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याला सुचला.

पहिला निर्णय : काट्याला हात लावायचा नाही

वीम्स १९१२ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीतून बाहेर पडला होता आणि वैमानिकांसाठी आकाशावरून स्थान काढण्याचं काम सोपं करणं हा त्याने आयुष्याचा ध्यास घेतला होता. लिंडबर्गने १९२८ मध्ये शिकवणी लावली ती त्याच्याकडे, महिनाभर. वीम्सचा सगळा भर एकाच गोष्टीवर असे : जे गणित जमिनीवर आधी करून ठेवता येतं, ते हवेत करायला लावू नका. त्याने ताऱ्यांच्या उंचीचे आलेख बनवले, कोष्टकं आटोपशीर केली.

घड्याळाला त्याने तोच न्याय लावला. सेकंदकाटा हलवता येत नाही ना? मग त्याच्याखालची सेकंदांची तबकडी हलवा. तबकडीचा मधला भाग वेगळा करून त्यावर साठ सेकंदांच्या खुणा आखल्या आणि तो भाग फिरता केला. रेडिओवर इशारा झाला की त्या क्षणी काटा जिथे असेल तिथे ‘साठ’ आणून ठेवायचा. यंत्राची चाल क्षणभरही थांबत नाही. इशारा चुकला तर बिघडत काहीच नाही, पुढच्या इशाऱ्याला पुन्हा प्रयत्न करायचा.

मला हा या प्रकरणातला सर्वांत सुंदर निर्णय वाटतो. घड्याळजी पिढ्यान्पिढ्या यंत्र अधिक अचूक करण्याच्या मागे होते. वीम्सने यंत्राला हातच लावला नाही, फक्त ते वाचायची पट्टी सरकवली. स्वित्झर्लंडच्या सँ-इमियेमधल्या लाँजिन कंपनीने ही घड्याळं बनवायला घेतली. १९२९ मध्ये वीम्सने पेटंटचा अर्ज केला, १९३५ मध्ये ते मिळालं.

एक उणीव मात्र राहिली. मधली तबकडी फिरवल्याने सेकंद जुळतात, मिनिटकाटा जुळत नाही. घड्याळ वीस-पंचवीस सेकंद चुकलेलं असेल, तर मिनिट बदलतानाच्या वेळी काटा आधीच्या मिनिटाचा समजायचा की पुढच्या, असा पेच पडतो. तिथे एक मिनिट चुकलं तर विषुववृत्तावर २८ किलोमीटरचा फरक. त्यामुळे मुळात मिनिटकाटा काळजीने लावून घेणं वापरणाऱ्यावरच राहिलं.

दुसरा निर्णय : तबकडीवर अंश छापायचे

सेकंद जुळले तरी वेळेचं कोनात रूपांतर करणं बाकी होतं. तास गुणिले पंधरा, मिनिटं भागिले चार, सेकंद पुन्हा चारने भागून कला काढायच्या. लिंडबर्गने हे काम घड्याळावरच टाकायचं ठरवलं. वीम्सची फिरती तबकडी तशीच ठेवून त्याने नवा आराखडा काढला आणि लाँजिनने तो १९३१ मध्ये बाजारात आणला. त्याला होराकोन घड्याळ म्हणता येईल; होराकोन म्हणजे अंशांत मांडलेली वेळ.

वाचायची रीत अशी. बारा तासांच्या चक्रावर १८० अंश छापलेले, त्यामुळे तासकाटा एकेका तासाला १५ अंश दाखवतो. बाहेरच्या कड्यावर, म्हणजे बेझलवर, १५ अंश आखलेले. तिथे मिनिटकाटा वाचायचा. मधल्या तबकडीवर १५ कला, तिथे सेकंदकाटा. समजा ग्रिनिचचे ५ वाजून २२ मिनिटं ८ सेकंद झाले आहेत. तासकाटा ७५ अंश ओलांडून गेला आहे, मिनिटकाटा बेझलवर ५ अंश ३० कला दाखवतो, सेकंदकाटा २ कला. बेरीज ८० अंश ३२ कला. गुणाकार नाही, भागाकार नाही, पेन्सिल नाही.

आणि कालसमीकरण? बेझल फिरतं होतं ते त्यासाठीच. त्या दिवशी सूर्य जितका मागे किंवा पुढे असेल, तितकं बेझल सरकवून ठेवायचं. दिवसभराची दुरुस्ती सकाळी एकदाच होऊन जाई.

घड्याळ आकाराने मोठं होतं, ४७.५ मिलीमीटर, कारण आत मुळात खिशातल्या घड्याळाचं यंत्र होतं आणि एवढ्या खुणा मावायला जागाही हवी होती. चावी कांद्याच्या आकाराची, जाड हातमोज्यातून पकडता यावी अशी. पट्टा लांब, जाड जॅकेटच्या बाहीवरून बांधता येईल इतका. आज ही वैशिष्ट्यं ‘पायलट वॉच’ची शैली म्हणून मिरवतात. तेव्हा त्या प्रत्येकामागे थंड कॉकपिटमधली एक खरी गरज होती.

तिसरा निर्णय : दुसरा माणूस

याची चर्चा घड्याळप्रेमींमध्ये फार होत नाही, पण मला ती टाळता येत नाही. लिंडबर्गची पत्नी अ‍ॅन मॉरो लिंडबर्ग आकाशावरून स्थान काढायला शिकली. तिला हॅरोल्ड गॅटी याने शिकवलं. हा टास्मानियाचा माणूस वीम्सच्याच वर्तुळातला. १९३१ मध्ये विली पोस्टबरोबर ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा मार्गदर्शक तो हाच. २० एप्रिल १९३० रोजी लिंडबर्ग दांपत्याने लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क हे अंतर पावणेपंधरा तासांत कापून विक्रम केला, तेव्हा मागच्या आसनावर अ‍ॅन सेक्स्टंट घेऊन बसली होती, सात महिन्यांची गरोदर असताना. पुढच्या वर्षीच्या उत्तरेकडून चीनपर्यंतच्या प्रवासात रेडिओही तीच सांभाळत होती.

म्हणजे हवानाच्या रात्रीतून निघालेली दुरुस्ती दुहेरी होती. घड्याळाने हिशोब हलका केला, आणि विमान चालवणं नि स्थान काढणं ही दोन कामं दोन माणसांत वाटली गेली. यातलं दुसरं अधिक मोलाचं होतं असं मला वाटतं. कौटिन्यो आणि काब्राल यांनी ते १९२२ मध्येच दाखवून दिलं होतं.

परिणाम

वीम्सची कल्पना घड्याळापुरती विचारात घेतली तर खूप लांब गेली. पुढच्या रूपात मधल्या तबकडीऐवजी बाहेरचं बेझलच सेकंदांच्या खुणांसह फिरतं केलं आणि ते हलू नये म्हणून बाजूला एक अडकवायचा स्क्रू दिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या मनगटांवर ओमेगा आणि लाँजिन यांची अशी घड्याळं होती.

त्याच युद्धात चौथा पर्यायही परत आला. जर्मन हवाई दलाची ५५ मिलीमीटरची प्रचंड निरीक्षण-घड्याळं आणि अमेरिकेची ए-११ ही साधी, छोटी घड्याळं, दोन्हींत चावी ओढली की सेकंदकाटा थांबत असे. उड्डाणापूर्वी जमिनीवर सगळ्या चालकांनी एकदम घड्याळं मिळवायची असतील, तर ही सोय अधिक सोपी. हवेत एकट्याने इशारा पकडण्याचा धोका तिथे उरलाच नव्हता. आजच्या बहुतेक यांत्रिक घड्याळांत हीच सोय असते.

फिरतं बेझल मात्र संपलं नाही, त्याने काम बदललं. १९५३ मध्ये आलेल्या रोलेक्स सबमरिनरवर ते पाणबुड्याची मिनिटं मोजू लागलं. त्याच दशकात पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी आलेल्या रोलेक्सच्याच जीएमटी-मास्टरवर ते २४ तासांचं होऊन दुसऱ्या देशाची वेळ दाखवू लागलं. आज मुंबई-पुण्यात कॉलेजच्या मुलांच्या हातावर दिसणारी, करकर आवाज करत फिरणाऱ्या कड्याची घड्याळं याच घराण्यातली.

वेगळं काय करता आलं असतं

होराकोन घड्याळ बुद्धीचं काम होतं यात शंका नाही, पण त्याचं उपयोगाचं आयुष्य कमी ठरलं. त्याला कारण दुसरं घड्याळ नव्हे, एक पुस्तक. अमेरिकेत १९३३ मध्ये खास वैमानिकांसाठी पंचांग छापलं गेलं, ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये. त्यात वेळेसमोर ग्रिनिचचा होराकोन थेट अंशांत दिलेला होता, कालसमीकरण आधीच धरून. वेळेचा कोन करायची गरजच गेली. अशा पंचांगाचा पाठपुरावा करणाऱ्यांत वीम्स स्वतः होता.

गणित घड्याळात भरायचं की पुस्तकात, हा प्रश्न १९२८ मध्येच विचारता आला असता. वीम्सचं ब्रीद होतं की गणित जमिनीवर करून ठेवा. त्या ब्रीदाच्या टोकाला जायचं तर पंचांगच आधी बदलायला हवं होतं. पुस्तक दरवर्षी नवं छापता येतं, सूर्याबरोबर तारे, ग्रह, चंद्र सगळे त्यात मावतात. होराकोन घड्याळ मुख्यतः सूर्यासाठी सोयीचं होतं. ताऱ्यांसाठी आणखी एक बेरीज लागायचीच. आणि हवानाची रात्र आठवा, गरज होती ती ताऱ्यांची.

पण पंचांग बदलायला सरकारी खातं हलावं लागतं, शेकडो पानं नव्याने मोजावी लागतात. १९३३ चा अमेरिकन प्रयत्नही एका वर्षात बंद पडला आणि १९४१ मध्ये पुन्हा सुरू झाला. घड्याळाला एक वैमानिक, एक आराखडा आणि एक कारखाना पुरला. १९३१ मध्ये ज्याला उद्या समुद्रावर जायचं होतं, त्याच्या दृष्टीने आज मिळणारी अर्धी सोय दहा वर्षांनी मिळणाऱ्या पुऱ्या सोयीपेक्षा बरी होती. त्याच्या जागी मीही घड्याळच घेतलं असतं, आणि वीम्सचं साधं, फक्त सेकंद जुळवणारं घेतलं असतं. त्याने एकच काम केलं. पंचांग कसंही छापलं, सूर्य पाहिला काय नि तारा पाहिला काय, अचूक सेकंद लागणारच होता.